घरात रेडिओ आहे का?

पिंपरीच्या बसथांब्यावर सुहासिनीबाईंच्या मागे दोन तरुण बोलत उभे होते.

"काय श्रीपादराव, रहाटणीची मुलगी पाहून आलात म्हणे?"

"आलो. पण पोहे खाता खाता सवयीनं विचारून बसलो, घरात रेडिओ आहे का?"

"मुलीला?"

"तिच्या वडलांना! महिनाभर दुकानात एक रेडिओ खपला नाही. मालक रोज म्हणतो, गिऱ्हाईक आण, नाहीतर घरी बस."

"मग?"

"त्यांना वाटलं, हुंड्यात मागतोय. म्हणाले, देऊ की लग्नात!"

"म्हणजे खपला की एक!"

"खपला. समोरच्या दुकानातला."

"आणि तुमचं दुकान सोडून?"

बस आली, पण उत्तर ऐकल्याशिवाय सुहासिनीबाईंचा पाय काही उचलेना.

"म्हणाले, जावयाच्या दुकानात घासाघीस कशी करायची?"