आधी वरचा नट

...आणि वर मलाच विचारतात, तू हात का लावलास! नाही, तुम्हीच सांगा, मी काय मागितलं होतं? इंजिन उतरवा म्हणालो? नवी गाडी घ्या म्हणालो? तुम्हाला सांगतो, मी फक्त तेल बदलू या म्हणालो होतो.

गाडी बाबांची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि घरातला तिचा मान तर विचारूच नका. यंदा थंडी पडल्यापासून सकाळी दुसरा गिअर पडेना. बाबा दात-ओठ खाऊन दांडा ओढायचे, त्यात गिअरच्या बाजूचाच खांदा आखडलेला, त्यासाठी एका फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेले व्यायाम चालू, त्यामुळे कोपऱ्यावरच्या वळणाला गाडी आणि बाबा दोघंही कण्हायचे. हे एकदा मोठ्या काकांनी पाहिलं. झालं! काका म्हणजे, घरात कुणाचं काहीही बंद करायचं असलं की हे पुढे. त्यांनी सोफ्यावर बसल्या बसल्या निकाल दिला, की गाडी विकून टाक, रविवारी गिऱ्हाईक आणतो, या वयात तू मागच्या सीटवर बसायचं. आणि बाबा, जे माझ्यावर तासभर न थकता ओरडू शकतात, ते काकांपुढे नुसते नखं बघत बसले. मला... जाऊ दे. राग आला एवढंच.

कारण मी गॅरेजमध्ये असतो. हो, कॉलेज सोडलंय, दुसऱ्याच वर्षी, माहीत आहे सगळ्यांना, काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतातच. पण त्या गिअरबॉक्समधलं तेल मी बोटावर घेऊन पाहिलं होतं. डांबर नुसतं! थंडीत ते घट्ट होणार, मग गिअर पडणार कसा? सिंथेटिक तेल गारठ्यातही पातळ राहतं. गिअरबॉक्सला एक, आणि मागच्या चाकांच्या मधे डिफरन्शियलचा तो लोखंडी गोळा असतो त्याला वेगळं, कारण मागचं पुढे घातलं तर आतल्या पितळी कड्यांची वाट लागते. एवढं समजावलं, तर काका म्हणे, तेल ते तेल, आमच्या वेळी एकाच डब्यातून सगळीकडे घालायचो. घालायचात! म्हणून तर तुमची गाडी... असो. मी फक्त तेल बदलू या म्हणालो होतो.

शनिवारी सकाळी गाडी उचलली, खाली स्टँड लावले. मागचा गोळा अर्ध्या तासात उरकला. राहिला गिअरबॉक्स. त्याला दोन नट. खालचा काढला की जुनं तेल गळतं, वरच्यातून नवं भरायचं. आणि गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी डोक्यात हाणून शिकवलेली गोष्ट म्हणजे, आधी वरचा उघडून बघायचा. तोच उघडला नाही तर भरणार कुठून? मोठा पाना आणायला मी आत गेलो. दोन मिनिटं, फक्त दोन! बाहेर येतो तर काका खुर्चीत, बाबा गाडीखाली, आणि आईच्या कपड्यांच्या टबात काळं तेल भदाभदा...

“आधी घाण काढावी माणसानं,” काका म्हणाले. “एवढंही शिकवत नाहीत तुमच्या गॅरेजात?”

वरचा नट? ढिम्म! पाना, हातोडी, लांब पाइप, शिव्या, सगळं लावून झालं. कडा झिजून गोल झाल्या, पाना नुसता गरगर फिरतोय. तेलाशिवाय गाडी हलवायची नाही, रविवार उद्यावर आलेला, आणि काका फोनवर गिऱ्हाइकाला सांगतायत की पोरानं गाडी बसवली, आता क्रेन घेऊनच या. अहो, मी फक्त तेल...

बाबा गाडीखालून बाहेरच येईनात. मी वाकून पाहिलं. तेलानं माखलेला हात छातीवर ठेवून वर बघत पडलेले.

“माझंच चुकलं रे,” हळूच म्हणाले. “दादाला सांगू नकोस.”

जन्मात पहिल्यांदा बापानं माझ्यापुढे चूक कबूल केली, आणि तीही कुणाला सांगायची नाही!

तिथंच आडवा पडून वर बघत होतो, तर दिसलं. वेगाचा काटा फिरवणारी केबल गिअरबॉक्समध्ये शिरते, तिथं भोक असतंच की! केबल काढली, नळी घातली, वर नरसाळं, आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं माप मोजून सावकाश तेल ओतलं. नरसाळं बाबांनी धरलं. दुखऱ्या हातानं. पंधरा मिनिटं, जराही न हलवता.

रविवारी सकाळी दारात क्रेन, गिऱ्हाईक, काका, आणि कडाक्याची थंडी. बाबा गाडीत बसले. पहिला गिअर. दुसरा... तुम्हाला सांगतो, दोन बोटांनी पडला! वळण घेऊन, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. क्रेनवाला म्हणाला, चालती गाडी मी कशाला उचलू? गिऱ्हाईक त्याच्याच क्रेनमध्ये बसून गेलं. बाबा उतरले, किल्ली खिशात घातली, खांदा गोल फिरवून पाहिला. मी उभा. म्हटलं आता बोलतील. आता तरी...

“त्या फिजिओथेरपीवाल्या बाईंचा गुण आला बघ, दादा,” ते काकांना म्हणाले. “गिअर आहे तसाच आहे. माझा खांदा सुटला.”

म्हटलं, हो बाबा, व्यायाम तेवढा सोडू नका.