आत्याला कुणी काढू शकत नाही

पेपर तपासणीच्या केंद्रावर, चहाच्या रांगेत, माझ्यापुढे राज्यशास्त्राच्या दोन परीक्षक बाई उभ्या होत्या.

"माझ्या गठ्ठ्यातल्या अठरा मुलांनी एकच उदाहरण लिहिलंय."

"मग कॉपीच ती! शेरा मारा आणि मोकळ्या व्हा."

"कॉपी नाही हो, वर्गात कुणीतरी शिकवलंय. सत्ताविभाजन घरावरून समजावलंय. आई नियम करते, बाबा ते पाळायला लावतात आणि भांडण झालं की आत्या निकाल देते."

"आत्या कशाला मध्ये?"

"कारण तिला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. घर तिच्याच नावावर आहे."

"अगं बाई! न्यायालयाचं स्वातंत्र्य ते हेच!"

"ते आमचं घर आहे. ती आमची आत्या."

"काय सांगता!"

"दादा आम्हाला हसवायला अगदी असंच म्हणायचा. बाबांशी भांडून गेला, त्याला चौदा वर्षं झाली. ना पत्ता, ना फोन. म्हणजे मास्तर झालाय बघा."

"कुठल्या शाळेत?"

"शाळेचा क्रमांक काळ्या पट्टीखाली झाकलाय."

"मुख्य परीक्षकांना विचारा की."

"नातं सांगितलं की गठ्ठा काढून घेतात. आणि शाळा कोणती ते सांगत नाहीतच."

"मग आता काय करणार हो?"

"एका मुलीनं लिहिलंय, 'आत्याचं सांगताना आमचे सर खूप हसतात.' प्रश्नात नव्हतं, तरी लिहिलंय."

"अजून किती राहिलेत?"

"सात."

"मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकतील."

"छे. आज एकच तपासणार आहे."