पुंजाच्या नावाची पेटी

टीबीचा रोगी कामासाठी गाव सोडून गेला, तर औषधाची पेटीही त्याच्यामागं पाठवायची, हे मंजुषा सिस्टरना नाशिकच्या प्रशिक्षणात आजच कळलं होतं. परतीच्या हरसूल बसमध्ये त्यांच्या मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"फुलाबाई, तुझा घरवाला पुंजा कसा हाय?"

"गेला. आम्ही द्राक्षाच्या कामावर व्हतो, तिथंच."

"गोळ्या नव्हत्या?"

"व्हत्या ना. गावच्या दवाखान्यात, त्याच्या नावाची पेटी. सिस्टरसमोरच गिळायच्या."

"जाताना संगं मागायच्या."

"मागितल्या. तसा नियम नाय म्हणाल्या."

"मग भांडायचं!"

"मंजुषाबाईंशी? लय चांगल्या हायेत गं. दीर सांगत व्हता, पेटी अजून जपून ठेवलीय त्यांनी. कुणाला हात लावू देत नाय."