एकूण सात, हयात पाच

ओहायोतील आमच्या वाचनालयात मी जुन्या नोंदींच्या रांगेत उभी होते. पुढे पिकल्या केसांचे बहीणभाऊ होते. चोरून ऐकण्याची मला सवय नाही. तेच मोठ्याने बोलत होते.

“एल्डन, हेस्टरआजीची १९१०च्या जनगणनेतली नोंद बघ. ‘एकूण मुले सात, हयात पाच.’”

“पाचच होती, वर्ना. सगळ्यांची नावं पाठ आहेत मला.”

“तुला सकाळी काय खाल्लंस ते आठवत नाही!”

“लिहिणारा चुकला असेल.”

“आजीनं दारात उभं राहून सांगितलं, ते त्यानं लिहिलं.”

“आपल्याला कधी बोलली नाही गं.”

“आपण कधी विचारलं?”

“उद्या तिच्या थडग्याचा नवा दगड कोरणार आहेत. ‘पाच लेकरांची आई.’”

“मग आत्ताच फोन कर. सात म्हणावं.”

“दोघांची नावं कुठून आणू?”

“नावं नकोत, आकडा लिहू दे.”

“लोक विचारतील, दोन कुठली म्हणून.”

“विचारू देत. तिनं परक्या माणसालासुद्धा सातच सांगितली, आणि आपण घरच्यांनी पाच कोरायची?”

एल्डनने फोन लावला.

“हेस्टरच्या दगडाबद्दल बोलतोय. पाच नाही, सात करा... नाही, नावं ठाऊक नाहीत... हो, हो, आमचीच.”