उजव्या हाताची मालकी

थोरली : अगं, तू हात लावतेयस की माशी हाकलतेयस? आणि सूज आहे हाताला, तू गळ्याशी काय घोटाळत बसलीस मघापासून?

धाकटी : सुरुवात इथूनच असते, ताई. गळ्याच्या हाडामागून.

थोरली : असेल तुमच्या दवाखान्यात. कॅन्सरच्या ऑपरेशनात आईच्या काखेतल्या गाठी काढल्या, म्हणून उजवा हात सुजतो. एवढं मलाही कळतं. दीड वर्ष रोज सकाळी मीच चोळतेय तो हात. गळ्याला कधी बोटसुद्धा लावलं नाही मी.

धाकटी : म्हणून तर...

थोरली : म्हणून तर काय? बोल ना. गिळलंस का?

आई : उठल्या उठल्या सुरू झालात का गं? मला उताणं निजवलंय, आणि माझ्याच अंगावरून भांडताय.

थोरली : भांडत नाहीये, विचारतेय. ही आल्यापासून तुझं तोंड बंद नाही, म्हणून विचारतेय. शेजारीण आली, तिला सांगितलंस. वरच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलंस. काल फोनवर मावशीला! 'धाकटीच्या हाताला काय गुण आहे गं, घड्याळाचा पट्टा लागायला लागला.' मी तिथेच बसून गिऱ्हाइकाचे पडदे बेतत होते. कात्री वाकडी गेली माझी.

आई : मग लागला ना पट्टा. खोटं सांगू?

थोरली : माझ्या हाताचं कधी सांगितलंस मावशीला? एकदा तरी?

आई : तुझं काय सांगायचं? तू तर घरातलीच.

थोरली : ऐकलंस? मी घरातली! म्हणजे पाट्यावरवंट्यासारखी. आणि ही पाहुणी येते, फुंकर मारल्यासारखं काहीतरी करते, आणि हिचे गोडवे गाऊन झाले की पुन्हा गायचे.

धाकटी : ताई, मी शिकलेय ते. रोज हेच काम करते.

थोरली : हो बाई, तू शिकलीस. मी काय, मशीनवर बसून सोफ्याची कव्हरं शिवते. मला काय कळणार?

धाकटी : मी असं म्हटलं का?

आई : नाही म्हटलं तिने.

थोरली : तू गप्प बस. तू तर तिच्याच बाजूची. आणि मी आत्ताच सांगून ठेवते, तीन महिने तुझ्याकडे न्यायचं बिन्यायचं काही नाही. आई कुठेही जाणार नाही.

धाकटी : मागच्या महिन्यात हात लाल झाला होता, ताप भरला होता. ते पुन्हा झालं तर? तिथे मी रोज पट्ट्या बांधेन. सूज उतरली की हात दाबून धरणारी मापाची बाही घ्यायची, मग आणून सोडते.

थोरली : पट्ट्या मी नाही बांधू शकत?

धाकटी : बांधशील. पण आवळून बांधशील.

थोरली : आवळायच्या नाहीत तर बांधायच्या कशाला?

धाकटी : ये, बस इथे. खरंच बस. हृदय रक्त ढकलतं, हे माहितेय ना?

थोरली : आता शाळा घे माझी.

धाकटी : त्या रक्तातलं थोडं पाणी अगदी बारीक नळ्यांमधून बाहेर झिरपतं. सगळ्यांचंच झिरपतं, तुझंही. बरंचसं परत रक्तात जातं. जे उरतं ते उचलायला वेगळ्या नळ्या असतात, कातडीच्या लगेच खाली. वाटेत गाठी असतात, त्या जंतू अडवतात. आईच्या नेमक्या त्याच काढल्या, म्हणून पाणी तुंबतं आणि जरा खरचटलं तरी हात लाल होतो.

थोरली : मग जोर लावून ढकलायचं. तेच तर करते मी. मनगटापासून वर.

धाकटी : जोर लावला की त्या नळ्या मिटतात. फार नाजूक असतात गं. आणि त्यांना मागून ढकलणारं हृदय नसतं. त्यांच्या बारक्या झडपा, आपली हालचाल आणि आपला श्वास, बस. आई, घे बघू पोटातून श्वास. बघ, पोट वर आलं की छातीतला पडदा खाली सरकतो...

थोरली : पडद्यातलं मला नको शिकवूस.

धाकटी : ...आणि छाती ते पाणी आत ओढून घेते. गळ्याच्या या हाडामागे ते परत शिरेत पडतं. म्हणून आधी इथली वाट मोकळी करायची. मग दंड, मग कोपर, सगळ्यात शेवटी बोटं. वर जागाच नसेल तर खालचं जाणार कुठे?

थोरली : म्हणजे मी उलटं करत होते.

धाकटी : ताई...

थोरली : उलटं, आणि वर पीठ मळल्यासारखं जोर लावून. माझ्यामुळे वाढला हात?

धाकटी : तुझ्यामुळे सुजला नाही. पण असं चोळून उतरणारही नव्हता.

थोरली : मग मला कुणी सांगितलं का नाही? त्या हॉस्पिटलात एवढी माणसं होती!

धाकटी : सांगतात गं. घरी सोडायच्या आधी सगळ्यांना सांगतात. हलका हात, चोळायचं नाही. दाखवतातसुद्धा.

थोरली : मला नाही दाखवलं! मी खाली औषधं आणायला गेले असेन. नाहीतर...

आई : मला दाखवलं होतं.

थोरली : काय?

आई : मला. एक मुलगी आली होती, या धाकटीसारखीच. तिने सगळं समजावलं. चोळू नका, दाबू नका म्हणाली. बाही घाला म्हणाली.

थोरली : आणि तू मला बोलली नाहीस? रोज माझ्यापुढे हात पसरत होतीस! दुखत नव्हतं तुला?

आई : दुखायचं. तुझे हात म्हणजे काय, कात्री चालवणारे. कधी डोळ्यांत पाणी यायचं, मग म्हणायचे कापसाचा धुरळा गेला.

थोरली : अगं पण का? वेड लागलंय का तुला?

आई : ती बाही घातली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. तू गेली असतीस मशीनवर. तू मशीनवर बसलीस की मला दिवसभर तुझी पाठ दिसते. तेवढा एक तास तुझं तोंड माझ्याकडे असायचं. आता रडू नकोस.

थोरली : रडत नाहीये. संतापलेय मी. सांगायचं नाही होय गं! 'बस माझ्यापाशी' म्हणायला जीभ झडली असती का?

आई : तुझ्या मानेवर एवढं काम. कसं म्हणू?

धाकटी : ताई, पाणी देऊ?

थोरली : नको. सकाळपासून जळतेय मी तुझ्यावर, आता तुझ्या हातचं पाणी पिऊ? हो, जळतेय. तू आलीस, दोन बोटं फिरवलीस आणि माझं दीड वर्ष पुसून टाकलंस.

धाकटी : आणि मी जळत नाही असं वाटतं तुला?

थोरली : कशावर? माझ्या घामावर?

धाकटी : माझ्या हाताखाली आई डोळे मिटून पडते, पेशंटसारखी. एक शब्द बोलत नाही. मी 'बरं वाटतंय का' विचारते, ती 'हो' म्हणते. संपलं. आणि तू स्वयंपाकघरात गेलीस की इथून ओरडून तुझ्याशी बोलते. मी बाजूलाच बसलेली असते, ताई.

आई : अगं, तू कामात असतेस ना. मधे बोललं तर तुझं चुकेल, असं वाटतं मला.

धाकटी : हेच. हेच सांगतेय मी.

थोरली : ...तीन महिने म्हणालीस ना?

धाकटी : तीन. जास्त नाही.

थोरली : ने तिला.

आई : मला कुणी विचाराल का?

थोरली : तुला काय विचारायचं? दीड वर्ष तोंड शिवून बसलीस ती बसलीस, आता तसंच गुमान जायचं. हात उतरवून ये. तोवर मी हलका हात शिकते. आणि मशीन फिरवून घेते, खिडकीकडे पाठ येईल अशी. मग बघत बस दिवसभर माझं तोंड. कंटाळशील.

आई : बघू कोण कंटाळतं ते.

धाकटी : ताई, एक विचारू? तो एक तास तुम्ही दोघी बोलायचात काय?

थोरली : काय म्हणजे? तुझ्याबद्दलच. फोन करत नाहीस, लग्नाचं नाव काढत नाहीस, शिकून शहाणी झालीस आणि आम्हाला विसरलीस. रोज नवीन काहीतरी. आई मिटक्या मारत ऐकायची.

आई : मिटक्या काय! मी तुझी बाजू घ्यायचे गं.

धाकटी : मला नाही जमत असं बोलत बसायला. हात फिरवताना मी मनात वाट धरून असते, कुठून कुठे न्यायचंय ती.

थोरली : जमेल. हात हलकाच ठेव, आणि माझ्यापासून सुरुवात कर, मला नावं ठेव. तीन महिने पुरेल एवढं आहे.