गुडघे टेकताना

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई सुजलेलं मनगट धरून बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं, आणि कान काही मिटता येत नाहीत.

“पाळक म्हणाले ना, खुर्चीवर बसून प्रार्थना केली तरी देव ऐकतो?”

“बसून मागितलं की हुकूम सोडल्यासारखं वाटतं गं.”

“गुडघे धड होते तेव्हा कधी टेकलेत? सगळं चर्च खाली आणि तुम्ही एकटे खांबासारखे उभे.”

“पँटची इस्त्री मोडायची.”

“इस्त्री मी करत होते.”

“बरं, परवा रविवारी टेकले की नाही?”

“टेकलेत. मग उठता येईना. धाकट्या भाऊजींनी हात पुढे केला, तर तो सोडून बाकाला लोंबकळलात.”

“आई गेल्यापासून बोलत नाही आम्ही.”

“म्हणजे गुडघे वाकले, मान काही वाकली नाही.”



“आजोबा, चला आत,” नर्सने हाक मारली.

“थांबा हो जरा. अगं, फोन लावून दे.”

“कुणाला?”

“दे तर... हॅलो. मी दादा बोलतोय रे. रविवारी माझ्या शेजारी बसशील? मला एकट्याला उठता येत नाही.”