माझ्याकडे चालत होतं

इस्पितळाच्या बाकावर माझ्या शेजारी बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर एक जुना लॅपटॉप होता.

"ताई, माझ्याकडे व्यवस्थित चालत होतं गं."

"तुझ्याकडे! घशाचं ऑपरेशन तुझं झालंय का? बाबा सकाळपासून 'दुखतंय'चं बटण दाबतायत आणि यातून हूं नाही की चूं नाही. नर्सला वाटलं, गेम खेळतायत."

"जुन्या मशीनला झेपावं म्हणून विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलं, बटण दाबलं की बाबांचं वाक्य वाजवणाऱ्या प्रोग्रामचं नीट पॅकेज करून दिलं..."

"आणि त्यांचा आवाज? ऑपरेशनच्या आधी दुखऱ्या घशाने एकेक वाक्य बोलून रेकॉर्ड करून दिलं होतं तुला, ते?"

"त्या फायली पॅकेजात घालायच्याच राहिल्या. प्रोग्राम त्या माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये शोधतोय. पत्ता तिथलाच लिहिला गेला."

"म्हणजे बाबा इथे कळवळतायत आणि त्यांचा आवाज तुझ्या घरी पडलाय! एकदा, फक्त एकदा या मशीनवर लावून बघायला काय झालं होतं?"

"वेळ नाही मिळाला."

"हे आत जाऊन त्यांच्या तोंडावर सांग."

"ओरडू नकोस ना, लोक बघतायत. पेनड्राइव्हवर आणल्यात फायली. आता पॅकेजातच घातल्यात, पत्ताही बदललाय. हे ऐक, वाजतंय."

"मला नको ऐकवूस. आत जा आणि त्यांच्या हाताने दाबून घे."

"ताई... बाबा फार रागावलेत का गं?"

"रागवायला तरी आवाज कुठे होता त्यांना?"